चाचांनी इंटरनेटला बसवलेला गव्हर्नर

वडवणीच्या बसस्टँडमागं आमचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. किस्से आम्ही जमवत नाही हो, ते आपोआप साचतात! आमच्याकडं एक फॉर्म वर जाईपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा होतो, तंबाखू होते, सोयरिकी निघतात. मग बोलण्याशिवाय माणसानं करायचं तरी काय?

याला कारण आमचे मालक, रफिकचाचा. दुकान टाकायच्या आधी ते जीपचे मेकॅनिक होते. कॉम्प्युटर आल्या दिवशीच त्यांनी बीडहून आलेल्या इंजिनिअरला सांगितलं, "स्कूलबसला गव्हर्नर बसवत्यात का न्हाई? ठरल्यापेक्षा जास्त पळू देत न्हाई तो. तसा ह्याच्या नेटला बसव, लोकांची कागदं चोरीला जायला नकोत!"

"चाचा, स्पीड कमी केल्यानं चोऱ्या थांबत नसतात!"

"तू उलटलेल्या जिपा खोलल्या न्हाईत, बेटा. हळू चालणारी एक बी माझ्याकडं उलटून आली न्हाई."

त्यानं कपाळावर हात मारला आणि नेटचा वेग बांधून दिला. येणारा बी हळू, जाणारा बी हळू!

* * *

बाजारच्या दिवशी एक आण्णा पीकविम्याचा फॉर्म भरायला आले. शेळी बाहेर खांबाला बांधली, कागदं माझ्याकडं दिली. मी सातबारा अपलोडला लावला. आण्णा वाट बघून कंटाळले, बाजारात गेले, कांदे घेऊन परत आले.

"झालं का, मंगलताई?"

"निम्मा गेलाय, आण्णा."

आण्णांनी शांतपणे शेळी सोडली. "मंग हिला इकूनच येतो!"

आणि खरंच विकून आले! तेव्हा कुठं पावती निघत होती.

* * *

एक आत्याबाई भाच्यासाठी स्थळं बघायला आल्या. साइटवर मुलीचा फोटो उघडला, तो वरून खाली उतरायला लागला. आधी केस. मग कपाळ. दुकानातले सगळे माझ्या खुर्चीमागं गोळा झाले. "डोळे आले, डोळे आले!" कुणीतरी ओरडलं. नाकापाशी येऊन गाडी अडकली ती अडकलीच.

आत्याबाईंनी घड्याळ बघितलं, पिशवी उचलली. "माझी यष्टी जाईल. नाकापर्यंत पसंत हाय, कळवा त्यांना!"

* * *

मग समोर दुसरं दुकान उघडलं. नेट असं सुसाट की फॉर्म बोट लावेपर्यंत गेलेला असायचा. आमची गिऱ्हाइकं तिकडं वळली. एखादा आमच्याकडं येऊन कुरकुरला की चाचांचं ठरलेलं उत्तर असे, "घाई हाय का? मंग समोरच्या दुकानात जा!"

मला धडकी भरली. हे दुकान बंद पडलं तर मी कुठं जाऊ? एक दिवस भांडलेच. "चाचा, काढा तो गव्हर्नर!"

त्यांनी कॉम्प्युटरवर हात ठेवला. "मंगल, ह्या डब्यात निम्म्या तालुक्याची आधारं, दाखले, सातबारे हायेत. लोकांनी इश्वासानं ठिवलेत. एक बी भाईर गेलं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

मी पुढचा फॉर्म उघडला. पण पटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू!

* * *

आणि म्हणूनच पुढचं घडलं. एका शुक्रवारी चाचा नमाजला गेले होते. फोन आला. "नेटच्या कंपनीतून बोलतोय, मॅडम. तुमचं स्पीड फुकट वाढवून देतो."

आंधळा मागतो एक डोळा! त्यानं सांगितलेलं अ‍ॅप मी टाकलं, स्क्रीनवरचा नंबर वाचून दाखवला. तो म्हणाला, "आता कशाला हात लावू नका," आणि फोन ठेवला. बाण आपोआप फिरायला लागला. मी खुशीत बघत बसले.

बाणानं लोकांच्या कागदांचं फोल्डर उघडलं, सगळ्याचं एक गाठोडं बांधलं आणि कुठंतरी पाठवायला लावलं. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, हा तर चोर! माऊस ऐकेना, काही सुचेना. मी दारात जाऊन ओरडले, "चाचा! चाचा, कागदं चालली!"

चाचा कोपऱ्यावरच होते. टोपी सावरत पळत आले. चाचांना पळताना मी पहिल्यांदाच बघितलं! आल्या आल्या त्यांनी स्क्रीन बघितला. पट्टी दोन टक्क्यांवर रेंगाळत होती. गाठोडं पूर्ण पोचल्याशिवाय त्यातला एकही कागद त्याला उघडता येणार नव्हता. चाचांनी खाली वाकून नेटची वायर उपटली. मी रडायलाच लागले.

तेवढ्यात फोन वाजला. तोच! मी स्पीकर लावला. साहेब चांगलेच वैतागले होते.

"मॅडम, किती स्लो नेट आहे तुमचं! कधीचा बसलोय मी, आणि आता तर पार बंदच पडलं. काहीतरी करा ना!"

चाचांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"घाई हाय का, भाऊ? मंग समोरच्या दुकानात जा!"