फिकट राखाडी अक्षरे

सुहास गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, गिरीज गावातल्या राहत्या घरी वारला. वय त्रेपन्न. कारण हृदयविकाराचा झटका. बातमी टीमच्या ग्रुपवर आली तेव्हा मी नायगावच्या ऑफिसात होतो. पहिले उत्तर आले, "आता मंजुरी कोण देणार?" हात जोडल्याची चिन्हे त्यानंतर आली.

वसई-विरार आणि आसपासच्या वाचनालयांच्या वेबसाइट एकाच साच्यावर चालतात. तो साचा आमची लहानशी टीम सांभाळते. बटणे, रंग, अक्षरांचा आकार, पुस्तक शोधण्याची चौकट... एका जागी बदलले की सगळ्या वाचनालयांत बदलते. म्हणून प्रत्येक बदलाला मंजुरी लागते. ती सुहास देत असे. बहुधा देत नसे. मी वृत्तपत्रातून निवृत्त होऊन तिथे मजकूर लिहायला गेलो, तेव्हा माझे पहिलेच काम त्याने परत केले. "साहेब, बातमी नको. बटण लिहा." त्यावरून आमची मैत्री झाली. दर शुक्रवारी तो आठवड्यातली एखादी चूक प्रोजेक्टरवरून भिंतीवर मोठी करून दाखवी आणि विचारी, "हे कोणाचं पाप?" ज्याचे असेल त्याने उभे राहायचे. कोमल जूचंद्रची, टीममध्ये सर्वांत नवी. एकदा तिचे बटण केसभर खाली सरकले होते. "जूचंद्रच्या रांगोळ्या एवढ्या नावाजलेल्या," सुहास म्हणाला, "त्यापण अशाच तिरक्या काढता का गं?" सगळे हसले. कोमल बैठक संपेपर्यंत उभी होती, कारण त्याने तिला बस म्हटलेच नाही.

सांडोरच्या वाचनालयातल्या मार्थाबाई एकदा सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन ऑफिसात आल्या. साच्यातली अक्षरे बारीक आणि फिकट राखाडी होती. रंग सुहासने निवडलेला. "सुहासभाऊ, सकाळी पेपर वाचायला येतात ना आमच्याकडे, त्या म्हाताऱ्यांना पुस्तक शोधायचं तर मला हाक मारावी लागते. दिसतच नाय म्हणतात. जरा काळी करा, मोठी करा." सुहासने एक सुकेळे खाल्ले, दुसरे उचलले. "केळी झकास आहेत. मागणी नामंजूर. त्यांना चष्मे लावायला सांगा, आंधळ्यांसाठी मी साचा बिघडवणार नाही." नाकारलेली मागणी ज्याने नाकारली त्यानेच पुन्हा उघडायची, हा नियमही त्याचाच. त्याला वगळून कोणी दुसऱ्याकडे जाऊ नये, म्हणून केलेला.

पुढच्या वर्षी तो एका पिवळ्या फडक्याने सारखी स्क्रीन पुसू लागला. आम्ही ते टापटिपीच्या खात्यात टाकले. मग समोरच्याला म्हणू लागला, "काय बदललंस ते तोंडाने सांग." आम्हाला ही त्याची नवी जाच करण्याची रीत वाटली. कोमलला तसे वाटले नाही.

एका शुक्रवारी तिने भिंतीवर कोरे पान लावले. "सर, शोधाची चौकट नवीन केलीय. चालेल?" सुहासने चष्मा पुसला, मान तिरपी केली, वेळ घेतला. "डावीकडे सरकलीय जरा. बाकी ठीक."

"सर, तिथे काहीच नाहीये."

मागून कोणीतरी हुबेहूब त्याच्या आवाजात विचारले, "हे कोणाचं पाप?" खोली हसली. सुहास उभा राहिला. हसणे थांबेपर्यंत उभाच राहिला... मग खुर्चीची पाठ चाचपडत बाहेर गेला. पुन्हा ऑफिसात आला नाही, पण मंजुरीचा अधिकार त्याच्याच नावावर राहिला. फडके स्क्रीनवर राहिले.

मधुमेहाने डोळ्यांचा पडदा खराब झाला होता, हे मला त्याची पत्नी सुनीतावहिनींनी बाराव्याच्या दिवशी सांगितले. डॉक्टरांकडे जाणे त्याने वर्षभर लपवले होते. "मला म्हणाले, ऑफिसात कळलं तर दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीत कोमल बसेल." ऑफिसात येणे बंद केल्यापासून तो घरीच असे. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने लॅपटॉप उघडला आणि वहिनींना हाक मारली. टीमचे मागण्यांचे पानही त्याच साच्यात आहे. "म्हणाले, सांडोरच्या बाईंचं काम आहे, इथे 'पुन्हा उघडा' असं कुठे लिहिलंय ते बघ. मी कणीक मळत होते. तशीच येऊन वाकून बघितलं. म्हटलं, मला तर काहीच दिसत नाही, किती बारीक ते! उद्या बघा." त्याने लॅपटॉप मिटला.

हे मी टीमला सांगितले. सुहासच्या जागी आता कोमल बसते. स्क्रीन त्याच फडक्याने पुसते. मागणी उघडशील का, असे तिला विचारले. "कशी उघडणार, काका? नियम सरांचाच आहे."

मार्थाबाईंची मागणी काल संध्याकाळपर्यंत 'नामंजूर'मध्ये होती. तिच्याखाली नाकारणाऱ्याचे नाव आहे, बारीक, फिकट राखाडी अक्षरांत.