नुसता खटका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मामाला तर नाहीच. स्वतःशी कबूल करायची वेळ आली तरी मी इंग्रजीत करते — शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे त्या भाषेत सगळं जरा लांबचं वाटतं, दुसऱ्याच कुणाचं तरी. म्हणून आज मराठीत लिहितेय.

आमचं घर साताऱ्याला, मामाचं सांगलीला. कॉलेज संपलं त्या उन्हाळ्यात मी मामाकडे राहायला गेले, तेव्हा त्याने कपाटातून त्याचा जुना कॅमेरा काढून मला दिला. कुपवाडच्या वर्कशॉपमधल्या पहिल्या पगारातून घेतलेला, रोलचा, चामड्याच्या कव्हरातला. पहिला रोल मी कृष्णेच्या घाटावर संपवला आणि पुण्याला धुवायला पाठवला. आलं काय? दोन फोटोंत माझंच बोट, एकात मामाचं डोकं कापलेलं, आणि एक म्हैस. म्हैस मात्र अगदी स्पष्ट. मामा म्हणाला, "हिला स्थळ बघायला चालंल हा फोटो."

रोल महाग. दुसरा मागवायचा राहूनच गेला, पण कॅमेरा गळ्यात राहिला. का? मामा सांगायचा, पूर्वी लग्नात लोक फोटोग्राफरच्या मागे लागायचे, मग तो रोल वाचवायला नुसता फ्लॅश मारायचा. लोक खूश. माझ्या डोक्यात ते खूश चेहरेच राहिले. आपला फोटो निघतोय असं वाटतं, तेव्हा माणसाचा चेहरा नेमकं काय करतो? मी कुणाच्या डोळ्यांत बघून धड बोलू शकत नाही. पण कॅमेरा डोळ्याला लावला की कुणाकडेही हवं तितकं बघता यायचं. भाजीवाली, मामी, वर्कशॉपमधली माणसं. कुणी पोट आत घ्यायचं, कुणी एकदम शाळेतल्या मुलासारखं उभं राहायचं. मी खटका दाबायची, रोल पुढे सरकवल्यासारखं करायची. आत काहीच नव्हतं. मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं — हेही सांगायलाच हवं. मजा येत होती.

मामाच्या शेजारी अक्का आणि अण्णा राहायचे. अण्णांचा हळदीचा व्यापार आता मुलगा बघायचा. लग्नानंतर दोघांचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. नातवाने एकदा अण्णांचा बनियनवरचा फोटो स्टेटसला ठेवला, पाहुण्यांचे फोन आले, तेव्हापासून अण्णांनी मोबाइलसमोर बसणंच सोडलं होतं. मग मिरजेला त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी अक्कांनी मला बोलावून घेतलं. अण्णा तयार झाले होते, कारण माझ्या कॅमेऱ्याला मोबाइलसारखा पडदा नव्हता.

"ह्यातनं कुठं जात न्हाई न्हवं फोटो?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, कुठेच जात नाही.

दिवस बुडायच्या आत त्यांची जेवणं व्हायची, म्हणून त्याआधीच दोघं अंगणात खुर्च्यांवर बसली. अक्का इरकल नेसल्या होत्या. तेव्हा सांगता आलं नसतं का, की रोल नाही? निदान मोबाइलवर एक, गुपचूप? पण मग इतके दिवस मी सगळ्यांकडे काय बघत होते, तेही सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगू? — मला बघायचं होतं. अण्णांचा चेहरा काय करतो ते. त्यांनी टोपी सरळ केली, दोन्ही हात काठीवर ठेवले. मग हसले, ओठ मिटूनच, एका गालात. अक्का श्वास धरून बसल्या होत्या. मी खटका दाबला.

ऑपरेशननंतर अण्णा घरी आले नाहीत. भिंतीवर लावायला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. त्यात ते कुणावर तरी चिडल्यासारखे दिसतात.

मी भेटायला गेले तेव्हा अक्कांनी विचारलं, फोटो आला का. मी सांगितलं — पुण्यात धुताना रोलला उजेड लागला, सगळा गेला. अक्काच माझी समजूत घालायला लागल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण तू बघितलंयास की त्या कॅमेऱ्याच्या खिडकीतनं. कसं दिसत हुतो आमी?"

मी सांगितलं. टोपी, गालातलं हसू, इरकलीचा काठ. ते सगळं खरं होतं. तेव्हापासून सांगलीला गेले की त्या मला जवळ बसवतात आणि मी तो फोटो सांगते. शेजारणी आल्या तर त्यांनाही ऐकवायला लावतात. मला ते आवडतं का? थोडं आवडतं. दुसऱ्या कुणाचा चेहरा मला इतक्या जवळून बघायला मिळतो?

गेल्या खेपेला त्यांनी नवीनच विचारलं. "ह्यांचा हात कुठं हुता गं?"

मी बघत राहिले. अक्कांचा चेहरा तसाच झाला होता — श्वास धरलेला, त्या संध्याकाळचा.

"तुमच्या हातावर," मी म्हटलं.

त्यांनी मांडीवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. मी निघेपर्यंत तो हात त्यांनी हलवला नाही.

अण्णांचे दोन्ही हात काठीवर होते. दोन खुर्च्यांमध्ये अंतर होतं. अक्कांनी खुर्ची जवळ ओढली होती. ती परत लांब सरकवायला मीच सांगितलं. मधून मागची जास्वंद दिसावी म्हणून.