पंधरा दिवस घमेल्यात

अंगठा आणि तर्जनी जुळवून मावशी एक गोल करायच्या आणि नव्या माशापुढे धरायच्या. "ह्यात मावतोय का बगा. मावला, तर आमच्या तांबड्यांसंगं ह्याची सोबत न्हाई जमायची." तो गोल म्हणजे हौदातल्या सगळ्यात थोराड सोनमाशाचं तोंड.

लोणावळ्यात तेव्हा मी हिवतापाच्या कामावर होतो. सायकलीला तेलाचा पंप बांधून बंगल्या-बंगल्यांची डबकी फवारत फिरायचं. बाजारात सगळे मला 'डासवाला' म्हणत, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सरकारी माणूस होतो मी! मावशी तेवढ्या 'भाऊ' म्हणत.

मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर त्या राखणीला होत्या. शेठचं बिऱ्हाड उन्हाळ्यात महिनाभर यायचं. बाकी अकरा महिने मावशी, फाटकाचं कुलूप आणि कारंज्याच्या हौदातले नऊ सोनमासे. मासे म्हणजे शेठाणीबाईंचा जीव. "माशांचं काही कमीजास्त झालं तर खोली खाली कर," असं त्या पहिल्याच वर्षी बजावून गेल्या होत्या. मावशींना त्या खोलीशिवाय दुसरा आसरा नव्हता. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, आणि आंदर मावळातलं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. "जाऊ म्हनलं तर जायचं कुटं? बुडी मारून?" असं म्हणून त्या हसायच्या. मला हसू यायचं नाही. आठवड्याच्या बाजारापुरत्या फाटकाबाहेर पडायच्या, त्याही जीव मुठीत धरून, की मागं माशांना काही होतंय का.

माशांना सोबत निवडताना मात्र त्या एखाद्या खट वरमाईसारख्या वागायच्या. शेठच्या भाच्यानं एकदा ओढ्यातून बोटाएवढी मरळ धरून आणली आणि मोठ्या ऐटीत हौदात सोडली. तो व्हरांड्यात पोचायच्या आत मावशींनी ती पदरानं उचलून बादलीत टाकली. "आत्ता बोटाएवढी हाय. वर्साच्या आत हौदात ही येकटीच ऱ्हाईल." ओढ्यातले इतर चपळ मासेही नापास. "आमची तांबडी जड अंगाची, निवांत. ही द्वाड पोरं समदा दाना पळवत्याली." सगळ्यांत पास झाली ती फक्त गोगलगाय. "ती बिचारी कुनाच्या अध्यात न्हाई न् मध्यात न्हाई."

बरं, तोंडाच्या परीक्षेत पास झाला म्हणून कुणाला लगेच हौद मिळायचा नाही. एक म्हातारा सोनमासा सोबतीला देऊन पाहुण्याला पंधरा दिवस घमेल्यात ठेवायचं. "तोंड येका नजरंत कळतं, भाऊ. सभावाला पंधरा दिस लागत्यात."

एका वर्षी वरून हुकूम आला: हौदाहौदांत डास खाणारे परदेशी मासे सोडा. इवलेसे, करडे, दिसायला अगदी गरीब. डबा घेऊन मी बंगल्यावर गेलो. मावशींनी बोटांचा गोल धरला आणि कळवळल्या, "अगं बया! ह्यांना आमची तांबडी गिळत्याल की. पंधरा दिस घमेल्यात ऱ्हाऊ द्या, भाऊ. मी बगते."

दुसऱ्याच दिवशी आमच्या खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. "मावशी, सरकारी हुकमापुढं तुमच्या घमेल्याला कोण विचारतो?" असं मी तोऱ्यात म्हणालो आणि डबा हौदात उपडा केला.

गिळणं राहिलं बाजूला, महिन्याभरात त्या चिमुरड्यांनीच सोनमाशांची शेपटं कुरतडून चिंध्या केल्या. मावशी पदराची झोळी करून दिवसभर पाण्यात. पण एक काढावा तर चार दिसायचे. ती जात अंडी घालत नाही, थेट पिलंच देते. शेवटी मावशींनी आपला पिण्याच्या पाण्याचा रांजण रिकामा केला, दोन घमेली मांडली आणि नऊच्या नऊ मासे स्वतःच्या खोलीत नेले. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या उंबऱ्यावर बसून भाकरी खायच्या. "आता ह्यांना मी कोंडलंय का मला ह्यांनी, त्येच कळंना," म्हणाल्या.

आणि शेठाणीबाई नेमक्या आठ दिवस आधी आल्या. हौदात सोनमासा एक नाही, आणि राखणदारणीच्या खोलीत नऊ!

"माझे मासे लपवून ठेवतेस? विकायला?"

साहेबांबरोबर फेरतपासणीला आलेला मी तिथंच होतो. मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मी एवढंच म्हणायचं होतं, की बाई, चूक माझी आहे, मावशींनी मला बजावलं होतं. पण साहेब शेजारी उभे होते आणि माझी नोकरी कायम व्हायची होती. मी खाली बघून डब्याचं झाकण घट्ट करत राहिलो. तुम्हाला मला काय म्हणायचं ते म्हणा, मी स्वतःला त्याहून वाईट म्हणून बसलोय.

दुपारीच खोली खाली झाली. एक पत्र्याची पेटी, एक बोचकं. फाटकाशी गाठून मी म्हणालो, "मावशी, माझं चुकलं."

"त्यो लांडा झालाय ना, त्याला इतक्यात हौदात सोडू देऊ नका," त्या म्हणाल्या. "शेपूट भरू दे आदी."

"पण तुम्ही जाणार कुठं?"

त्यांनी सवयीनं बोटांचा गोल केला आणि त्यातून रस्त्याकडे पाहिलं. "ह्यात मी मावनार न्हाई असं घर बगते कुटंतरी." आणि पेटी डोक्यावर घेऊन चालू लागल्या.

पुढे वडगावच्या बाजारात आंदर मावळची माणसं भेटली की मी चौकशी करायचो. "नाव काय बाईचं?" ते विचारायचे. सहा वर्षं मी मावशी म्हणत होतो. नाव कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी तोच डबा घेऊन दुसऱ्या एका बंगल्यावर गेलो. तिथंही कारंजं, तिथंही सोनमासे. साहेब शेजारीच होते. माळी म्हणाला, "वता की हौदात."

"नाही. आधी घमेलं आण. पंधरा दिवस त्यात राहतील."

"हा कुणाचा हुकूम?" साहेबांनी विचारलं.

"मावशींचा," मी म्हणालो. एक वर्ष उशिरा, पण साहेबांच्या तोंडावर.