शेजारच्या सीटवरची ट्रॉफी

आमचे दाजी घरबसल्या गाडी पळवण्यात पटाईत. ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, गाडी शिकवण्याचा क्लास काढून घर चालवलं. दाजींनी सोफा चालवला. पायातल्या चपला काढून पुढे मांडायच्या, डावी क्लच, उजवी ॲक्सिलरेटर, आणि येईल त्या पाहुण्याला लाँच समजावून सांगायचा. लाँच म्हणजे ड्रॅग रेसमध्ये हिरवा दिवा लागताच उभी गाडी सुटते तो क्षण. "पहिला गिअर, इंजिन गरजू द्यायचं, क्लच अर्ध्यावर धरायचा, दिवा लागला की सोडत जायचं. निम्मी शर्यत डाव्या पायात असते," असं ते सांगत. सांगत ते खोटं नव्हतं. पण शर्यतीत ते जन्मात कधी उतरले नव्हते, आणि त्या चपला पाहिल्या की माझं डोकं फिरायचं.

एका रविवारी मात्र ते उतरले, तेही ताईच्या गाडीतून. तिला सांगितलं, सर्व्हिसिंगला नेतो. मला सांगितलं, ताईने हो म्हटलंय, तू व्हिडिओ काढायला चल. दुसऱ्याच दिवशी त्या गाडीवर क्लासच्या बायकांची लायसन्सची परीक्षा होती. त्यांत एक शिवणकाम करणारी बाई होती. तिला एका शाळेची व्हॅन चालवायची नोकरी मिळणार होती, पण त्याच आठवड्यात लायसन्स दाखवलं तर. बाई ठेंगणी, त्या गाडीची सीट, पाठीमागची उशी, क्लच कुठे धरतो, सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं. हे दाजींना चांगलं ठाऊक होतं, कारण ताई जेवताना दुसरं काही बोलतच नव्हती.

वजन कमी हवं म्हणून दाजींनी मागची सीट, स्टेपनी, चटया, सगळं काढून ठेवलं. शर्यतीच्या तपासनिसाने गाडी पाहिली आणि आत सुटं काही ठेवू नका, असं बजावलं. त्याची पाठ वळताच दाजींनी एक जड पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. त्यात चकचकीत जॅकेट होतं, काळा चष्मा होता आणि संगमरवरी बैठकीची ट्रॉफी होती. वर कोरलेलं, 'सर्वोत्कृष्ट लाँच'. ती त्यांनी स्वतःच करवून आणली होती. गाडीतून उतरतानाच हातात दिसली पाहिजे, म्हणाले. लाज कोळून प्यायलेली माणसं मी पाहिली आहेत, पण ती निदान निकालापर्यंत थांबतात.

रेषेवर येताना लोकांना दाखवायला त्यांनी चाकं जागच्या जागी फिरवून धूर काढला, गाडी भसकन पुढे घेतली आणि करकचून ब्रेक मारला. पिशवी सीटवरून पुढे घसरली. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच असतो. तो दाबला की चालवणाऱ्याचाही दाबला जातो. ट्रॉफी नेमकी त्या पेडलवर जाऊन अडकून बसली. आपला क्लच आपोआप अर्धवट खाली गेलाय, हे ताईकडे कालपरवा आलेल्या बाईच्याही लक्षात आलं असतं. दाजींच्या आलं नाही. त्यांचं लक्ष माझ्या कॅमेऱ्याकडे होतं.

हिरवा दिवा लागला. शेजारची गाडी गेलीसुद्धा. दाजींचं इंजिन नुसतं बोंबलत राहिलं आणि गाडी गोगलगायीसारखी सरकू लागली. शहाण्या माणसाने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला असता. यांनी आणखी दाबला. मग क्लच जळल्याचा वास आला, बॉनेटखालून धूर आला आणि गाडी थांबली. लोक पोट धरून हसले. मला त्या शिवणकामवाल्या बाईचा चेहरा दिसत होता.

"शिकाऊ बायकांनी क्लच पार घासून ठेवलाय," दाजी उतरता उतरता म्हणाले.

मी पलीकडचं दार उघडलं, पेडलवरून ट्रॉफी उपसून काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"जॅकेट कुठंय?" त्यांनी विचारलं.

परीक्षेसाठी ताईने दुसऱ्या क्लासची गाडी मिन्नतवारी करून आणली. बाकीच्या बायका कशाबशा निभावल्या. शिवणकामवाल्या बाईचा पाय पेडलला धड पोचेना. चढावर गाडी बंद पडत राहिली आणि ती नापास झाली. व्हॅन दुसऱ्या कुणाला मिळाली. ताईने दाजींना बोलावं, घर डोक्यावर घ्यावं, असं मला फार वाटत होतं.

गाडी दुरुस्त होऊन आली तशी ती बाई पुन्हा पहिल्यापासून शिकायला आली. दाजी दारात खुर्ची टाकून बसले होते. तिला पाहताच त्यांनी चपला काढून पुढे मांडल्या.

"बाई, क्लच असा झटक्यात सोडायचा नसतो," ते म्हणाले. "हळूहळू. हे बघा."

बाईने चपलांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मला येतो सोडायला," ती म्हणाली. "त्या दिवशी गाडी तुम्ही जाळून ठेवली होती."

ती सीटवर बसली, उशी सारखी केली. ताई शेजारी बसली, पण तिने पाय पेडलपासून लांबच ठेवले. गाडी एकही हिसका न देता निघाली आणि कोपऱ्यावर वळली.

दाजींनी चपला पायांत सरकवल्या.

"बघितलंस?" ते मला म्हणाले. "सांगितलं म्हणून जमलं."