डोक्यावर मावेल एवढा संगणक

यंदाच्या शिमग्यात, पालखी आमच्या अंगणातून पुढच्या घराकडे निघाल्यावर, माझ्या थोरल्या बहिणीसाठी नवा संगणक घ्यायचं ठरलं. ठिकाण पोलादपूरच्या वरची आमची वाडी. ओटीवर ताई, तिचा मुंबईत नोकरी करणारा मुलगा, आमचे चुलते आणि मी एवढेच होतो. बाकीचे पालखीमागे गेले होते.

ताई महाडला एकटी राहते. मेहुणे गेल्यानंतरही ती तिथेच राहिली. ती घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी करते. मुंबईतला एक छापखाना तिला हस्तलिखितं पाठवतो आणि ती टाईप करून, पानं लावून परत पाठवते. तिचा जुना संगणक घेतला तेव्हाच जुना होता. सुरू व्हायला तो इतका वेळ घ्यायचा की बटण दाबून ती कुकर लावायला जायची आणि बहुतेक वेळा आधी शिट्टी व्हायची. शिमग्याच्या तोंडावर छापखान्यानं कळवलं की पानं लावायची नवी प्रणाली आली आहे, ती या यंत्रावर चालणार नाही आणि पुढचं सगळं काम त्या प्रणालीवरच होईल.

काम गेलं तर आईला महाडात राहायचं काही कारण उरत नाही, असं भाच्याचं मत होतं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये त्यानं आईसाठी एक खोली राखून ठेवली होती. सध्या त्या खोलीत ट्रेडमिल होती. ताईला त्या खोलीत जायचं नव्हतं. ओटीवर बसलेल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्याबद्दल कुणी बोललं नाही. सगळे रॅमबद्दल बोलले.

“आई, लॅपटॉप घे ना,” भाचा म्हणाला. “सिंपल. कुठेही घेऊन जाता येतो.”

“म्हणूनच नको,” ताई म्हणाली.

“म्हणजे?”

“कुठेही नेता येतं ते लोक नेतात. मला एका जागी बसणारा हवाय.”

चुलते आदल्याच दिवशी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकून आले होते, त्यामुळे त्यांची तब्येत आणि जीभ दोन्ही मोकळी होती. त्यांनी विचारलं, “असा एक घेतला तर किती वर्सं चालंल?”

नीट आखला तर सात-आठ वर्षं, असं मी सांगितलं.

“आन् तू गो? तू किती वर्सं चालणार हायस?”

भाच्यानं मोबाइल काढून त्यात पाहिलं. वाडीत त्या ठिकाणी रेंज नाही.

“त्याच्यापेक्षा एक वर्ष जास्त, काका,” ताई म्हणाली. “त्याला भंगारात घालीन, मग जाईन.”

“मंग घे. मुंबईला जाऊन तरी करशील काय? ह्याच्या गॅलरीत बसून गाड्या मोजशील.”

“आजोबा, तुम्ही पण ना,” भाचा म्हणाला आणि आईकडे वळला. “आणि पाणी भरलं की? तेव्हा तो एका जागी बसणारा कुठे बसवणार?”

महाडच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. सावित्रीचं पाणी शहरात शिरतं. ताईच्या घरात एका मोठ्या पुराची रेघ भिंतीवर आहे. कितीदा रंग दिला तरी पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा उमटते. ती ताईच्या डोक्याच्या वर आहे. त्या पुरानंतर वायरमननं घरातले सगळे प्लग रेघेच्या वर नेऊन बसवले, त्यामुळे ताईला मिक्सर लावायचा तरी आधी स्टुलावर चढावं लागतं. गल्लीत हे पाहायला कुणी थांबत नाही, कारण गल्लीत सगळ्यांकडे स्टूल आहे.

“टेबलच उंच कर,” चुलत्यांनी तोडगा काढला.

“आणि मी काय शिडीवर बसून टाईप करू?”

कायमचा माळ्यावर ठेवावा, हा माझा प्रस्तावही टिकला नाही. माळ्यावर पत्रा आहे. मे महिन्यात तिथे पापड दोन्ही बाजूंनी वाळतात. तिथे संगणकाचं आयुष्य पापडाएवढंच झालं असतं. तेव्हा यंत्र खालीच राहणार आणि नगरपालिकेचा पुराचा भोंगा झाला की कुणीतरी ते वर नेणार, हे नक्की झालं. त्या कुणीतरीवर चर्चा येऊन थांबली.

“एक पावसाळा बघू,” भाचा म्हणाला. “पाणी आलं आणि मशीन तू एकटीनं वाचवलंस, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. बुडालं, तर गणपतीनंतर तू माझ्याकडे.”

“बरं,” ताई म्हणाली आणि पुरणपोळ्या बघायला आत गेली.

आखणी माझ्याकडे आली. निवृत्त बातमीदाराला दुसरं काम नसतं, हा समज सर्वत्र आहे आणि त्याला अद्याप कुणी आव्हान दिलेलं नाही. रक्कम ताईनं ठरवली होती आणि ती वाढणार नव्हती. कमी पैशांत घ्यायचा आणि बरीच वर्षं वापरायचा म्हटलं, तर पैसे कुठे घालायचे नाहीत हे आधी ठरवावं लागतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड रद्द केलं. ताई पानं लावते, रणगाडे चालवत नाही. प्रोसेसर मधल्या दर्जाचा, पडद्यावर चित्र दाखवायची सोय त्याच्या आतच असलेला. मदरबोर्ड असा की चार-पाच वर्षांनी त्याच्यावर पुढचा प्रोसेसर बसावा आणि बाकी सगळं तसंच राहावं. रॅमचे भाव यंदा मोसमाच्या सुरुवातीच्या हापूससारखे झाले होते, म्हणून एकच पट्टी घ्यायची आणि दुसऱ्या पट्टीची जागा भाव उतरेपर्यंत रिकामी ठेवायची. साठवणीला यंत्र झटकन सुरू करणारी एसएसडी, म्हणजे कुकर लावायला वेळ मिळणार नव्हता. मॉनिटर आणि कीबोर्ड जुनेच. कीबोर्डवरची अक्षरं कधीच पुसली गेली होती, पण ताईनं त्यांच्याकडे पाहिल्याचं कुणाच्या आठवणीत नाही.

काटकसर करायची नाही अशी वस्तू एकच होती, पॉवर सप्लाय. कॅबिनेटबरोबर, म्हणजे संगणकाच्या खोक्याबरोबर, फुकट येतो तो लग्नात आहेर म्हणून आलेल्या घड्याळासारखा असतो. दिसायला चांगला, वेळेला बंद. आमच्याकडच्या विजेला तो एका पावसात शरण गेला असता आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला असता.

भाच्यानं ऑफिसातल्या जाणकार मित्राचं मत कळवलं. तीन वर्षांत सगळंच जुनं होतं, त्यामुळे टिकाऊपणाचा विचार करण्यात अर्थ नाही, असं ते मत होतं. जाणकार मित्राचा स्वतःचा संगणक कंपनीनं दिलेला होता.

खरेदी महाडच्या बाजारपेठेत झाली. दुकानात संगणक, सीसीटीव्ही आणि प्रिंटरची शाई मिळते आणि निकालाच्या दिवशी दहावीचे गुण छापून मिळतात. दुकानदारानं पहिल्यांदा एका बाजूनं काच असलेलं कॅबिनेट पुढे केलं. आत तीन पंखे होते आणि ते रंग बदलत होते.

“ताई, हे घ्या. एकदम फ्यूचर प्रूफ.”

“रंग बंद करता येतात?”

“येतात ना. पण मग घ्यायचं कशाला?”

“तेच म्हणते मी,” ताई म्हणाली.

माझ्या आखणीत एक ऐसपैस उंच कॅबिनेट होतं. आत हवा खेळती राहिली की यंत्र तापत नाही आणि जास्त टिकतं, असा त्यामागे विचार होता. ताईनं ते उचलून पाहिलं, खाली ठेवलं, पिशवीतून जुन्या लुगड्याचं फडकं काढलं, त्याला पीळ देऊन चुंबळ केली, ती डोक्यावर ठेवली आणि कॅबिनेट उचलून तिच्यावर चढवलं. दुकानात विक्रीसाठी लावलेल्या चार कॅमेऱ्यांच्या पडद्यावर ते चार बाजूंनी दिसलं.

“मॅडम, काय करताय?”

“बसतं का बघते.”

“अहो, बोर्ड आत बसतो का ते बघायचं असतं!”

“ते माझा भाऊ बघतोय. डोकं माझं आहे.”

ताईचं लहानपण वाडीत गेलं. गवताचा भारा, लाकडाची मोळी, पाण्याची कळशी, सगळं डोक्यावरून डोंगर चढलेलं आहे. हातात ओझं घेतलं तर शिडी धरायला हात उरत नाहीत, डोक्यावर घेतलं तर दोन्ही उरतात. तिच्या माळ्याची शिडी जवळजवळ उभी आहे. वरच्या पायऱ्यांवर पोचलं की डोकं माळ्याच्या फळ्यांच्या पातळीला येतं आणि ओझं न वाकता आत सरकवता येतं. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं. दुकानदाराला काहीच सांगितलं नाही.

उंच कॅबिनेट डोक्यावर डुलू लागलं. काचेचं जड होतं. शेवटी कोपऱ्यातलं एक बुटकं, काळ्या पत्र्याचं कॅबिनेट आडवं ठेवल्यावर नीट बसलं. ते घेऊन ताई प्रिंटरच्या फळीपर्यंत जाऊन आली, हात मोकळे. एका गिऱ्हाइकानं तिला वाट करून दिली. बुटक्या कॅबिनेटात माझा मदरबोर्ड मावत नव्हता, म्हणून लहान घ्यावा लागला. तो स्वस्त निघाला. आधीच लहान का नाही सुचवला, असं दुकानदारानं मला विचारलं. त्यानंही तो सुचवला नव्हता.

त्याच आठवड्यात भाच्याकडून एक खोकं आलं. आईच्या संगणकासाठी यूपीएस, वीज गेली तरी यंत्र चालू ठेवणारी बॅटरी, त्यानं स्वतःच्या पैशानं पाठवला होता. ताईनं तो उचलून पाहिला आणि लगेच फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

“अरे, हा केवढा जड आहे!”

“सगळ्यात मोठा घेतलाय, आई. तासभर बॅकअप.”

“मला हा वर नेता येणार नाही.”

“तेवढं बघू.”

घरातल्या उचलायच्या वस्तूंमध्ये गॅसचं भरलेलं सिलिंडर सोडलं तर यूपीएस सगळ्यात जड होता. यामागे काही हेतू होता का, याला दुजोरा मिळू शकलेला नाही.

नवा संगणक चालू लागला. वायर प्लगपर्यंत पोचत नव्हती, तेव्हा लांब वायर आणली. ताईनं नव्या प्रणालीवर एक पुस्तक पूर्ण केलं आणि दुसरं घेतलं. आषाढात वरंध घाटात पाऊस लागून राहिला, महाबळेश्वरकडेही तसाच, आणि एका सकाळी महाडात भोंगा झाला.

मी पोलादपूरला होतो आणि रस्ता बंद होता. फोन केला तर ताई म्हणाली, “नंतर कर, हात अडकलेत.” पुढचा तपशील समोरच्या घरातल्या काकूंनी आपल्या माळ्याच्या खिडकीतून पाहिला तसा देतो. ताईचं दार उघडं होतं आणि शिडी पुढच्याच खोलीत आहे.

ताईनं वायरी काढल्या, चुंबळ केली, कॅबिनेट आडवं डोक्यावर घेतलं आणि शिडी चढली. वर गेल्यावर ते फळ्यांवर सरकवलं. दुसऱ्या खेपेला कीबोर्डसकट गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर, तिसऱ्या खेपेला हस्तलिखितं. पाणी तोवर गटारातून गल्लीत आलं होतं.

“अगो, सिलिंडर!” काकू खिडकीतून ओरडल्या. “आधी सिलिंडर बघ!”

“ते अर्धं झालंय, तरंगेल काकू!” ताई खालून ओरडली. “हे तरंगत नाही!”

चौथ्या खेपेला तिनं यूपीएस कमरेपर्यंत उचलला, क्षणभर धरला आणि खुर्चीवर ठेवला. मग तांदळाचा डबा घेऊन वर गेली. पाणी घरात शिरलं, खुर्चीच्या बैठकीच्या वर गेलं आणि दुपारनंतर ओसरलं. भिंतीवरच्या जुन्या रेघेच्या ते बरंच खाली राहिलं. शहरात त्याला पूर म्हणावं का, यावर दुमत आहे.

रस्ता खुला झाला तसा भाचा गाडीनं आला. मीही त्याच दिवशी पोचलो. भाच्याच्या पायात नवे गमबूट होते. घरात घोटाभर गाळ होता आणि खुर्ची आडवी पडली होती. त्यानं गाळातून यूपीएस उचलला. तो उचलताना त्यालाही दोन्ही हात लागले.

“आई, हा गेला.”

“गेला. तुला फोनवर सांगितलं होतं, मला उचलणार नाही.”

“मग आता काम कशावर करणार?”

“लाइट असली की लाइटीवर. गेली की उठून चहा करीन.”

भाचा शिडी चढून वर गेला. बराच वेळ तो खाली आला नाही. वर कॅबिनेट कोरडं होतं, मॉनिटर गोधडीत होता आणि हस्तलिखितांच्या गठ्ठ्यावर तांदळाचा डबा ठेवला होता, वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून. खाली आल्यावर त्यानं शर्ट काढून खुंटीला लावला आणि फावडं मागितलं. गाळ काढायला मी, तो आणि समोरच्या काकू होतो. ताई चहा करत होती आणि कोपरा राहिला, कोपरा राहिला, असं सांगत होती.

वीज परत आल्यावर संगणक माळ्यावरच जोडला. ढगाळ होतं, पत्रा तापलेला नव्हता. यंत्र लगेच सुरू झालं. ताईनं अर्धवट राहिलेलं पान उघडलं.

“गणपतीला येतो,” भाचा खालून म्हणाला.

“ये. आणि येताना लहानसा यूपीएस आण. घेण्याआधी डोक्यावर ठेवून बघ.”

“दुकानात?”

“मग कुठे? मॉलमध्ये असलास तरी ठेव.”

भाचा रविवारी संध्याकाळी मुंबईला परत गेला. गाडीत तो एकटा होता. मंगळवारी छापखान्याला पुस्तकाची पानं मिळाली.