सगळ्या घरांनी

मुरुडच्या एसटी स्टँडसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. भिकू गुरुजींसारखं गिऱ्हाईक वैऱ्यालाही मिळू नये! आपल्या बौद्धवाडीचा इतिहास लिहीत होते, वाडीच्या मंडळातर्फे छापायला. एक पान टाइप करायला मला दहा मिनिटं, आणि ते तास खाणार. "प्राप्ती, इथे 'म्हणतात' घाल. मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही." बरं बाबा, म्हणतात. खरं सांगायचं तर त्यांना घरी बोलायला कुणी नव्हतं. बायको कधीच गेली, मुलगा पनवेलला, आणि जानेवारीत म्हातारी आईही वारली. जेवणाचा डबासुद्धा माझ्याच बाकावर उघडायचे.

अख्खं पुस्तक पान नऊवर उभं होतं. धम्म घेतला त्या वर्षी वाडीतल्या सगळ्या घरांनी देव्हाऱ्यातले देव खाडीत सोडले. साक्षीदार गुरुजींची आई, तेव्हा अठरा वर्षांची सून.

एक दिवस आले ते डब्याशिवाय. रुमाल सोडला. आत देवीचा टाक, चांदीचा, दोन बोटं रुंद. आईच्या पेटीत लुगड्यांखाली सापडलेला.

"नाक-डोळे झिजलेत बघ," ते म्हणाले. "नुसता ठेवला नव्हता तिनं. रोज हात लागत होता."

मग मोबाईलवर पुस्तकासाठी रेकॉर्ड केलेली आईची जबानी लावली. "समदे सोडले रं," म्हातारी म्हणते. जरा थांबते. "पन भिकू..." तेवढ्यात गुरुजींचाच आवाज येतो, "बास आये, मंडळाची माणसं खोळंबलीत."

गुरुजी ढसाढसा रडले. "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, सांगणारा कुणासमोर सांगतोय ते आधी बघा. आणि मी आयला चार माणसांत बसवून विचारलं गं!"

मी पाणी दिलं. आणखी काय देणार?

पान नऊ बदललं. 'निदान एका घराने देव सोडले नाहीत. ते घर माझं.' मंडळाचा निकेत भडकला. दुकानातच उभा राहून म्हणाला, "गुरुजी, वाडीची शोभा करताय. हे राहणार असेल तर आमच्या मंडळाचं नाव नको त्यावर, आणि प्रकाशनाला आमच्यातलं कुणी येणार नाही." तो तणतणत गेला. मलाही त्याचंच पटत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हटलं, "गुरुजी, म्हातारी गेली. टाक तुमच्याकडं. कुणाला कळणार आहे?"



"आय जन्मभर माझ्याबरोबर एका छपराखाली राहिली, प्राप्ती, आणि एकटी राहिली. आता मी परत 'सगळ्या घरांनी' लिहिलं, तर मेल्यावरही तिला एकटीच ठेवीन."

मी कॉम्प्युटरवर मुखपृष्ठ उघडलं आणि मंडळाचं नाव पुसलं. खाली एकट्या भिकू गुरुजींचं नाव उरलं.