चौथ्या जागी सातवा

काय हात होता त्या माणसाचा! अंगाने वाळका, उंच, टोकदार. छापखान्यात सगळे त्याला दाभणच म्हणायचे. चाळीस वर्षं पुस्तकं शिवली, वाचलं मात्र एकही नाही. बायको टोमणा मारायची, "अहो, इतक्या पानांची लग्नं लावता, एकाचं तरी तोंड बघा!"

ती गेली आणि घर त्याला खायला उठलं.

चिकटवलेल्या पानांवर वजन म्हणून ठेवायची एक जाडजूड कादंबरी घरात होती. एका दुपारी त्याने ती उघडली आणि डोकं गरगरलं. एका बाईची आई वारलेली. पण आधी दवाखाना, मग आईचं लग्न, मग पुन्हा दवाखाना. तीनदा त्याने कादंबरी मिटली. चौथ्यांदा मात्र तो वाचत राहिला. त्याचीही बायको आठवणीत अशीच यायची की! आधी नाकात नळी, मग नवी नवरी, मग साखर विसरलेला चहा. भेटायला येणारे "होईल हळूहळू सवय" म्हणून जात. हे पुस्तक तेवढं खोटं बोलत नव्हतं.

मग पानांच्या आकड्यांकडे लक्ष गेलं. सोळा पानांचा एक फर्मा. चौथ्याच्या जागी सातवा लागलेला, सातव्याच्या जागी चौथा. तीनशे प्रती, आणि शिवण त्याचीच! त्याने पुस्तक उसवलं, नीट लावून पुन्हा वाचलं. तरी गुंता तसाच. तो लेखिकाबाईंनीच लिहिलेला होता, आणि खरा होता.

पत्ता शोधून तो लेखिकाबाईंच्या दारात उभा राहिला.

"बाई, माफी मागायला आलोय. तुमचं पुस्तक मी चुकीचं शिवलं. आज अकरा वर्षांनी कळलं."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," बाई म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, कुणीतरी तक्रार करेल. म्हणजे कुणीतरी वाचलं हे तरी कळेल. एक पोस्टकार्ड आलं नाही, दादा! दुर्बोध म्हणून शिव्या घालणारेसुद्धा चौथ्या फर्म्यापर्यंत पोचले नव्हते."

"मी वाचलं. दोनदा."

"तुम्ही तर शिवणारे. तुम्हाला वाचक कसं धरू?"

मग त्याने बायकोचं सांगितलं, नळीचं, चहाचं.

"आणखी काही लिहिलंय का?" त्याने विचारलं. "घरी एकटाच असतो."

"लिहीत होते. चार वर्षं वाट पाहिली, मग सगळं रद्दीत घातलं."

दाभण जिना उतरला. शेवटच्या पायरीवर बसून त्याने पिशवीतली तीच कादंबरी काढली आणि पुन्हा पहिलं पान उघडलं. बाईंचं दुसरं काही वाचायला उरलंच नव्हतं.